दुसऱ्याच्या वाक्याला हात लावताना : वर्गात विकी वापरून सहलेखन कसे घ्यावे

विकी हे असे संकेतस्थळ असते की, ज्याचे पान वाचणाऱ्यालाच तिथल्या तिथे दुरुस्त करता येते, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि सगळी पाने दुव्यांनी एकमेकांशी जोडता येतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये असे पहिले संकेतस्थळ सुरू केले; विकिपीडिया २००१ मध्ये आणि मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. वर्गात वापरायचा विकी मात्र याहून पुष्कळ लहान असतो. तो एका तुकडीपुरता, एका सत्रापुरता आणि बहुधा बाहेरच्यांसाठी बंद असतो. पुण्यातील माध्यमिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी, इतिहास किंवा परिसर अभ्यास शिकवणाऱ्या आणि विकी पहिल्यांदाच हाताळणाऱ्या शिक्षकांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

विकी उघडून दिला की विद्यार्थी आपसूक मिळून लिहू लागतील, असे नवख्या शिक्षकाला वाटते. तसे घडत नाही. प्रत्येक जण पानाच्या तळाशी आपला परिच्छेद जोडतो, वरचे परिच्छेद वाचतही नाही, आणि मित्राच्या वाक्यात चूक दिसली तरी तिला हात लावणे त्याला उद्धटपणाचे वाटते. अंगतपंगतीला बसून प्रत्येकाने आपापल्याच डब्यातले खावे, तसे ते पान होते. म्हणून विकीवरील सहलेखनाचे सगळे नियोजन एका गोष्टीभोवती करावे लागते : दुसऱ्याच्या वाक्यात सुधारणा करणे हाच गृहपाठाचा भाग व्हावा आणि त्याला गुण असावेत. पुढील बहुतेक सूचना याच गोष्टीसाठी आहेत.

आधी विषय, मग साधन

‘माझा आवडता सण’ हा विषय विकीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात एकाचा अनुभव दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. विषय असा निवडावा की, त्याची अनेक पाने होतील, एका पानावरील माहितीची गरज दुसऱ्या पानाला लागेल आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती आणावी लागेल. पुण्यातील नववीच्या तुकडीसाठी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर हा असा विषय आहे. पानशेत धरण, खडकवासला धरण, पाण्याखाली गेलेल्या पेठा, मुठेवरील पूल, गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशी स्वतंत्र पाने त्यातून सहज निघतात. पूर पाहिलेली माणसे अजून अनेक घरांत आहेत, त्यामुळे माहितीचा काही भाग विद्यार्थ्यांना स्वतः गोळा करावा लागतो आणि तो आंतरजालावरून उचलता येत नाही. लहान वर्गांसाठी पेशवाईत कात्रजहून शहरात आणलेले नळाचे पाणी आणि त्यावरचे हौद हा विषय बरा पडतो, कारण जुन्या पेठांतील मुलांना यातले काही घराजवळच पाहता येते.

कोणता विकी घ्यावा

महाविद्यालयात मूडल ही अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची प्रणाली आधीपासून चालू असेल, तर दुसरे काहीही शोधू नये. मूडलमध्ये विकी हा उपक्रमाचाच एक प्रकार आहे. विद्यार्थ्यांची खाती तयार असतात आणि प्रत्येक गटाला वेगळा विकी देता येतो. तो तयार करताना ‘वैयक्तिक’ आणि ‘सहयोगी’ असे दोन पर्याय दिसतात. त्यांतला सहयोगी पर्याय सुरुवातीलाच निवडावा, कारण काम सुरू झाल्यावर ही निवड बदलता येत नाही.

मूडल नसलेल्या शाळेसाठी डोकुविकी हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर मला सर्वांत सोयीचे वाटते. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही, कारण प्रत्येक पान ही एक साधी मजकूर-फाइल असते. संगणक कक्षातील एका संगणकावर वेब सर्व्हर आणि पीएचपी (डोकुविकी ज्या संगणक-भाषेत लिहिला आहे ती) बसवले की कक्षाच्या अंतर्गत जोडणीवर तो इंटरनेटशिवायही चालतो. कोणी काय वाचावे आणि कोणी काय लिहावे, हेही त्यात पानागणिक ठरवता येते. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी अधिक समर्थ आहे, परंतु त्याला डेटाबेस लागतो, त्याची देखभाल करणारे माणूस लागते, आणि काही पाने ठरावीक लोकांपुरतीच वाचनासाठी ठेवणे हे त्याचे मूळ काम नाही. एका तुकडीसाठी एवढा खटाटोप करू नये.

गूगल डॉक्स का नको, हा प्रश्न हमखास येतो. एकच निबंध चौघांनी लिहायचा असेल, तर गूगल डॉक्स पुरेसे आहे आणि सोपेही आहे. एकमेकांना जोडलेली पंधरा-वीस पाने आणि प्रत्येक पानासाठी स्वतंत्र चर्चा हवी असेल, तेव्हा विकीची गरज पडते.

दुसऱ्या कोणाच्या तरी मोफत सेवेवर वर्गाचा विकी ठेवण्यापूर्वी, त्या सेवेतून सगळा मजकूर उतरवून घेता येतो की नाही, हे पाहून घ्यावे. विकीस्पेसेस ही सेवा जगभरातील शिक्षक अनेक वर्षे वापरत होते. २०१८ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले आणि सर्वांना आपापली पाने हलवावी लागली.

थेट विकिपीडियावर लिहायला लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्याबाबत पुण्याचाच अनुभव उपलब्ध आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत एक प्रायोगिक उपक्रम सुरू केला, ज्यात विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतक्या प्रमाणात येऊ लागला की, तो शोधून काढून टाकण्यातच तेथील स्वयंसेवक संपादकांचा वेळ जाऊ लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो उपक्रम थांबवावा लागला. विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि संदर्भ देणे आधी शिकवलेले नसेल, तर उघड्या विकीवर त्याचा त्रास अनोळखी लोकांना होतो. पहिले वर्ष बंद विकीवर काढावे. त्यातून तयार झालेली एक-दोन उत्तम पाने पुढे मराठी विकिपीडियाच्या नियमांत बसवून तेथे नेण्याचा विचार करता येईल.

खाती, संमती आणि टंकलेखन

प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते असावे. गटासाठी एक खाते केले, तर कोणी काय लिहिले याची नोंद निरर्थक होते आणि मूल्यमापनाचा पायाच जातो. सदस्यनामात पूर्ण नाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक येऊ देऊ नये. तुकडी आणि हजेरी क्रमांक यांवरून केलेले नाव पुरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो. तेव्हा मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि पालकसभेत उपक्रमाची माहिती देऊन लेखी संमती घ्यावी. विकी शाळेबाहेरच्या सर्व्हरवर असेल, तर हे टाळूच नये.

मराठी टंकलेखनाची तयारी लेखनाच्या तासाआधी करून घ्यावी. मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. घरी श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकात केलेला मजकूर विकीवर चिकटवला की नुसती अनाकलनीय चिन्हे उमटतात, आणि मग तासातला अर्धा वेळ त्यातच जातो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकवलेला असेल तर उत्तमच. नसेल तर मोबाइलवरील मराठी कीबोर्डने लिहिले तरी चालते.

मराठी विकीत पानांच्या नावांचा गोंधळ ठरलेला असतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. दुवा देण्यासाठी पानाचे नाव दुहेरी चौकटी कंसांत लिहितात, जसे [[पानशेत धरण]]. नाव तंतोतंत जुळले तरच दुवा लागतो. एकाने ‘शनिवारवाडा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘शनिवार वाडा’, तर विकीच्या लेखी ती दोन वेगळी पाने होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. यासाठी पानांची नावे शिक्षकांनीच ठरवून मुखपृष्ठावर लिहावीत आणि विद्यार्थ्यांनी ती तेथून उचलावीत. डोकुविकीत आणखी एक तांत्रिक अडचण येते. मूळ मांडणीत तो देवनागरी नावाची फाइल साठवताना प्रत्येक चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांत रूपांतर करतो, त्यामुळे काना-मात्रा धरून साधारण पंचवीस चिन्हांपलीकडचे नाव फाइलनावाच्या मर्यादेत बसत नाही आणि पान जतनच होत नाही. नावे आखूड ठेवावीत, किंवा संगणक सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला सांगून फाइलनावांची मांडणी पहिल्याच दिवशी यूटीएफ-८ करून घ्यावी.

सांगाडा आणि पहिला तास

कोरा विकी विद्यार्थ्यांपुढे ठेवू नये. मुखपृष्ठ, पानांची नावे, प्रत्येक पानावर तीन-चार उपशीर्षके आणि प्रत्येक उपशीर्षकाखाली एक प्रश्न एवढे शिक्षकांनी आधी घालून ठेवावे. ‘खडकवासला धरण’ या पानावर ‘पानशेतचे पाणी येथे पोहोचल्यावर काय झाले?’ असा प्रश्न असला की विद्यार्थ्याला कामाची दिशा मिळते. तुकडीचे चार ते पाच जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला दोन पाने द्यावीत.

पहिला तास फक्त धूळपाटीचा असावा. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात. तेच नाव आपल्या विकीवरही ठेवावे. प्रत्येकाने तेथे एक वाक्य लिहावे, शेजारच्याच्या वाक्यातला एखादा शब्द बदलावा, जतन करावे, मग ‘इतिहास’ उघडून दोन आवृत्त्यांची तुलना पाहावी आणि शेवटी जुनी आवृत्ती परत आणावी. एखाद्याने मुद्दाम सगळे पान पुसून दाखवले आणि शिक्षकांनी ते क्षणात परत आणले, तर फारच चांगले. काहीही कायमचे बिघडत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विद्यार्थी दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायला धजत नाहीत.

भर घालण्याचा टप्पा

पहिले आठ-दहा दिवस गटांनी आपापल्या पानांवर माहिती जमा करावी. या टप्प्यात भाषेची फार चिंता करू नये. प्रत्येक विधानापुढे ते कोठून मिळाले एवढे मात्र लिहायला लावावे. पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ, वर्तमानपत्राची तारीख, किंवा ‘नव्या पेठेत राहणाऱ्या आजींनी सांगितले’ एवढेही चालेल. आठवणी सांगणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि तिने मागितल्याशिवाय तिचे नाव घालू नये.

वर्गात सगळे एकाच वेळी एकच पान उघडतात, तेव्हा एक अडचण येते. डोकुविकीत एक जण पान संपादत असताना ते इतरांसाठी कुलूपबंद असते, आणि जतन न करता तो उठून गेला तर नेहमीच्या मांडणीत पंधरा मिनिटांपर्यंत तसेच राहते. मीडियाविकीत कुलूप नसते, परंतु दोघांनी एकच ओळ बदलली की नंतर जतन करणाऱ्याला संपादन-संघर्षाची सूचना येते. यावर उपाय साधा आहे : तासाच्या वेळी गटातील एकानेच एक पान उघडावे, थोडे लिहून लगेच जतन करावे आणि बाहेर पडावे. इतरांनी तेवढा वेळ वाचनाला किंवा चर्चापानाला (त्या पानाविषयी बोलण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पानाला) द्यावा.

नक्कल करण्याबद्दल याच टप्प्यात बोलावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत मजकुरावर हक्क राहतो. त्यामुळे १९६१ चा वर्तमानपत्रातील लेख जुना दिसला तरी तो मुक्त आहे, असे गृहीत धरता येत नाही. विकिपीडियावरील मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली वापरता येतो, परंतु गृहपाठ म्हणून तो जसाच्या तसा चिकटवण्यात विद्यार्थ्याचे लेखन काहीच होत नाही. पानाच्या बदलांच्या इतिहासात एकदम चारशे शब्दांची निर्दोष भर दिसली, तर शिक्षकांनी जरूर थांबून विचारावे. मात्र काही विद्यार्थी वहीत लिहून, नीट करून मगच चिकटवतात, तेव्हा नुसत्या नोंदीवरून आरोप करू नये. त्या परिच्छेदातले एखादे विधान त्याला तोंडी समजावून सांगायला लावले की उलगडा होतो.

अदलाबदल : उपक्रमाचा गाभा

भर घालण्याची मुदत संपली की गटांची पाने अदलाबदल करावीत. पहिल्या गटाने दुसऱ्याचे पान घ्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. आता कोणीही नवा परिच्छेद लिहायचा नाही. आहे त्याच वाक्यांवर काम करायचे, आणि तेही ठरवून दिलेल्या क्रमाने. आधी प्रत्येक विधान खरे आहे का आणि त्याला आधार दिला आहे का, हे पाहायचे, मग क्रम आणि पुनरुक्ती, त्यानंतर वाक्यरचना, आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटा झाला, तर विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून काम संपल्याचे जाहीर करतात.

एक उदाहरण फळ्यावर करून दाखवावे. ‘पानशेत धरण फुटले आणि पुण्यात खूप पाणी आले व खूप नुकसान झाले’ हे वाक्य कोणत्याही तुकडीत येणारच. त्यावर काम केल्यावर ते असे होऊ शकते : ‘आंबी नदीवरील पानशेत धरणाचे बांधकाम पूर्ण होत आलेले असतानाच १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, त्या लोंढ्यामुळे खालचे खडकवासला धरणही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले.’ जतन करताना बदलाच्या सारांशाच्या चौकटीत ‘नदीचे नाव व तारीख घातली, दोन्ही धरणांचा संबंध स्पष्ट केला, “खूप” काढले’ असे लिहावे. हा सारांश सक्तीचा ठेवावा. विद्यार्थ्याला आपल्या बदलाचे कारण शब्दांत मांडावे लागते, आणि ज्याचे वाक्य बदलले त्यालाही राग येण्याऐवजी कारण कळते.

दोन अपवाद सांगावेत. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या आठवणी अवतरणचिन्हांत असतील, तर त्यांतली बोली, तुटक वाक्ये किंवा जुने शब्द कोणीही ‘शुद्ध’ करू नयेत. तसेच एखादे विधान चूक वाटते, पण खात्री नाही, अशा वेळी ते पुसू नये. चर्चापानावर प्रश्न विचारावा.

चर्चापान कसे चालते, याचा नमुना असा. एक विद्यार्थिनी लिहिते : ‘तू पूर सकाळी आला असे लिहिले आहेस, पण माझ्या आजीला दुपार आठवते. तुझी माहिती कुठून आहे?’ उत्तर येते : ‘माझ्या पुस्तकात धरण सकाळी फुटले असे आहे.’ मग दोघांच्या लक्षात येते की, एक वेळ धरण फुटल्याची आहे आणि दुसरी आजींच्या वाड्यात पाणी शिरल्याची. पानावर दोन्ही वेळा येतात आणि दोन्ही बरोबर ठरतात. सगळेच वाद इतके सहज मिटत नाहीत. पुण्यातल्या तुकडीला सार्वजनिक गणेशोत्सवाचे पान दिले, तर भाऊसाहेब रंगारी की लोकमान्य टिळक, १८९२ की १८९३, हा वाद चर्चापानावर येणारच, आणि घरोघरची मतेही त्याबरोबर येतील. अशा वेळी शिक्षकांनी निकाल देऊ नये. कोणाचा दावा काय आहे आणि त्याला आधार कोणता, हे दोन परिच्छेदांत समोरासमोर लिहायला लावावे, आणि रंगारींच्या बाजूचा परिच्छेद टिळकांच्या बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवावा.

एखाद्या पानावर थट्टामस्करी किंवा कोणाचा अपमान झाला, तर शिक्षकांनी ती आवृत्ती लगेच परतवावी आणि संबंधित विद्यार्थ्याशी एकट्याने बोलावे. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असल्याने असे प्रकार क्वचितच होतात.

मूल्यमापन

आकारिक मूल्यमापनात हा उपक्रम प्रकल्प म्हणून बसवता येतो. वीस गुणांचा विचार केला, तर गटाच्या तयार पानांना आठ, स्वतः घातलेल्या माहितीला चार, दुसऱ्याच्या मजकुरात केलेल्या सुधारणांना पाच आणि चर्चेतील सहभागाला तीन अशी विभागणी मला योग्य वाटते. संपादनांची संख्या मोजून गुण देऊ नयेत. एकच जण स्वल्पविराम टाकून वीस वेळा जतन करतो, आणि दुसरा एकाच बदलात अख्खा परिच्छेद सावरतो.

पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या संपादनांचा सगळा इतिहास वाचणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तीन संपादनांचे दुवे निवडून द्यावेत आणि प्रत्येकापुढे तो बदल का केला, हे दोन ओळींत लिहावे. त्यांतले किमान दोन बदल दुसऱ्या गटाच्या पानावरचे असावेत. शिक्षकांनी तेवढ्याच तुलना उघडून पाहाव्यात. हे वाचन वेगाने होते, आणि विद्यार्थ्याला स्वतःचे लेखन परत एकदा पारखावे लागते, हा त्यातला अधिकचा लाभ आहे.

सत्र संपल्यावर

मुदत संपली की विद्यार्थ्यांचे संपादनाचे अधिकार काढून घ्यावेत आणि विकी फक्त वाचनासाठी ठेवावा. डोकुविकीत ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ या दोन फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली की पाने, चित्रे, जुन्या आवृत्त्या आणि खाती असे सगळे सुरक्षित राहते. मूडलमध्ये अभ्यासक्रमाची प्रत सदस्यांच्या माहितीसह उतरवून घ्यावी, अन्यथा विकीतील मजकूर तीत येत नाही. ज्या आजी-आजोबांनी आठवणी सांगितल्या, त्यांना त्यांच्या पानाची छापील प्रत द्यावी.

पुढच्या वर्षी विकी पुसून नव्याने सुरू करू नये. नव्या तुकडीची खाती उघडावीत, जुन्या विद्यार्थ्यांची बंद करावीत आणि पाने तशीच राहू द्यावीत. नव्या तुकडीचा धूळपाटीनंतरचा पहिला गृहपाठ असा असावा : आधीच्या तुकडीच्या एका पानावरून आधार न दिलेली तीन विधाने शोधून काढणे, त्यांतल्या एकाला आधार मिळवणे आणि उरलेल्या दोहोंबद्दल चर्चापानावर प्रश्न लिहिणे.